पान सातवरचा चट्टा

डॉक्टर राजेश्वरी निंबाळकरांनी छापून आलेला तक्ता टेबलावर पसरला, चष्मा कपाळावर सरकवला आणि शांतपणे विचारलं, "यात चट्टा कुठं आहे, दाखवा बरं मला."

सुनयना शेडगे पुढं झाली. पान सात. एका माणसाची उघडी पाठ आणि उजव्या खांद्याखाली तळहाताएवढा फिकट चट्टा. चार दिवस ती याच फोटोसमोर बसली होती. डोळे मिटूनही तिला जागा दाखवता आली असती. तिचं बोट बरोबर तिथं गेलं आणि तिथंच थांबलं. बोटाखाली नुसती तपकिरी पाठ होती.

"कॉम्प्युटरवर दिसत होता, मॅडम," ती म्हणाली. "अगदी स्पष्ट दिसत होता."

"असेल. पण माझ्या आरोग्यसेविका पाड्यावर हा तक्ता घेऊन जाणार आहेत, तुमचा कॉम्प्युटर नाही." डॉक्टरबाईंचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच ते वाक्य जास्त लागलं.

१९९७ सालचा ऑक्टोबर होता. वाशीच्या सेक्टर सतरामध्ये एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर कमळाकर टिपणीसांचं 'रंगरेखा' नावाचं ऑफिस होतं. दोन कॉम्प्युटर, एक स्कॅनर आणि लग्नपत्रिकांच्या नमुन्यांनी भरलेलं एक कपाट, एवढाच पसारा. सुनयना तिथं तीन वर्षं काम करत होती. तिचे वडील वाशीच्या बाजारात माथाडी कामगार, मूळचे पाटण तालुक्यातले. कॉम्प्युटरला हात लावणारी घरातली ती पहिली. हॉटेलांची मेन्यूकार्डं, बिल्डरांची माहितीपत्रकं, नवरानवरींचे फोटो हे तिचं रोजचं काम. तिच्या हाताखालून गेलेल्या नवरीच्या चेहऱ्यावर पुटकुळी राहत नसे.

डॉक्टरबाईंचं काम मात्र वेगळं होतं. त्यांची एक लहानशी संस्था पनवेल आणि उरणच्या गावापाड्यांमधून कुष्ठरोगी शोधून त्यांना औषध देत असे. "सुरुवातीला हा रोग दुखत नाही, खाजत नाही," त्यांनी पहिल्याच दिवशी समजावलं होतं. "एखादा फिकट चट्टा उठतो आणि तिथं स्पर्श कळत नाही. त्या वेळी गोळ्या सुरू झाल्या की माणूस खडखडीत बरा होतो. उशीर झाला तर बोटं वाकतात, आणि गेलेली बोटं मी परत आणू शकत नाही." त्यासाठी त्यांना बारा पानांचा तक्ता हवा होता. आरोग्यसेविका तो उघडून धरणार, आणि बघणाऱ्यांपैकी एखादी म्हणणार, असं माझ्या नवऱ्याच्या पाठीवर आहे हो. सगळी भिस्त फोटोतल्या रंगावर होती.

"प्रेसवाल्यांनी घाण केली असणार," टिपणीस म्हणाले. "मी आत्ता फोन लावतो."

"चूक कुणाची ते तुम्ही बघा. मला दोन आठवड्यांत चट्टा दिसला पाहिजे."

डॉक्टरबाई गेल्यावर टिपणीसांनी तक्त्याची पानं पुन्हा चाळली. मग म्हणाले, "हे काम आपल्याला झेपणारं नाही असं मला वाटायला लागलंय, सुनयना. मुंबईतल्या एखाद्या स्टुडिओला द्यावं का?"

ते 'आपल्याला' म्हणाले होते, पण तिला 'तुला' असंच ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी ती तो तक्ता गुंडाळून बसने तुर्भ्याला गेली. प्रेस एमआयडीसीत होती. चार रंगांच्या मशीनवर हिरामण म्हात्रे नावाचे मशीनमन होते. वाशीगावचे आगरी, पंचावन्नच्या पुढचे. शहर वसवताना त्यांची भातखाचरं गेली, तेव्हा तरुणपणी मुंबईत जाऊन ते छपाई शिकले होते. सुनयनाने तक्ता त्यांच्यापुढं उघडला आणि रात्रभर घोकून ठेवलेलं वाक्य म्हटलं, "काका, तुमच्याकडून शाई जास्त पडलीय."

हिरामणनी हात पुसले. तक्ता ट्यूबलाइटखाली नेला. कडेला छापलेल्या रंगांच्या बारीक चौकटी भिंगातून एकेक तपासल्या.

"शाई बरोबर हाय," ते म्हणाले. "तू दिलास त्याच छापलाय. तुजा फोटोच काला आनि तांबडा हाय, पोरी."

"पण माझ्याकडं तसा नाही दिसत!"

"नाय ना दिसत?" ते चिडले नाहीत. उलट त्यांना काहीतरी गंमत वाटल्यासारखी दिसली. "मंग तुज्या कॉम्प्युटरची काच मना बघाची हाय. शुक्रवारी मना सुट्टी असते. येतो."

ते खरंच येतील असं तिला वाटलं नव्हतं. पण शुक्रवारी अकराच्या सुमाराला इस्त्रीचा सदरा घालून हिरामण 'रंगरेखा'त हजर झाले. तो तक्ता त्यांच्या काखेत होता. टिपणीसांनी भुवया उंचावल्या, पण चहा मागवला. हिरामण सुनयनाच्या मागच्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "तू तुजा काम कर. मी हाय बसलेला."

ती काम करत राहिली. पाठीमागं कुणी बसलंय याचं पहिल्यांदा दडपण आलं, मग ती विसरून गेली. मध्ये जेवण झालं. चार वाजता हिरामण बोलले.

"सकालपासना चार वेला तू त्या बटनाला हात लावलास."

"कुठल्या?"

त्यांनी मॉनिटरच्या खालच्या बटणाकडं बोट केलं. ब्राइटनेसचं बटण. सुनयनाला आठवेच ना. मग आठवलं, तशी ती ओशाळली. दुपारी बाजूच्या खिडकीतून ऊन यायचं, काच पांढुरकी व्हायची, म्हणून ती उजेड वाढवायची. ढग आला की डोळ्यांवर यायचं, म्हणून कमी करायची. पुन्हा वाढवायची. हात आपोआप जायचा, तंबाखूच्या डबीकडं जावा तसा.

"बटन वाढवलास का फोटो उजलतो," हिरामण म्हणाले. "मंग तुला वाटतं, लई उजेड झाला, जरा काला करू. फोटो तू काला करतेस. पन उजेड फोटोत कुठं होता? उजेड काचंत होता. मना आला तो काला फोटो."

सुनयना त्या बटणाकडं बघत राहिली. इतकी साधी गोष्ट, आणि तीन वर्षांत तिच्या ध्यानात आली नव्हती. कोर्सच्या क्लासमध्येही कुणी सांगितली नव्हती. हॉटेलच्या मेन्यूकार्डावरची कोंबडी थोडी काळपट छापली गेली तरी कुणी तक्रार करत नाही. पाठीवरचा फिकट चट्टा मात्र तेवढ्यानंच बुडून जातो.

"आनि ही भित," हिरामण मागं वळले. "ही कोनी रंगवली?"

मागची भिंत गुलाबी होती. नुसती गुलाबी नाही, कुल्फीवाल्याच्या गाडीसारखी गुलाबी. टिपणीस आपल्या टेबलावरून म्हणाले, "मी. का?"

"मागं गुलाबी भित, वर ऊन. काचंत सगला उतरतो. हिच्या आंगावर पिवला ड्रेस, तो पन उतरतो. ती बिचारी रंग बघते का भित बघते, तिलाच नाय म्हाईत."

टिपणीस उठून मॉनिटरसमोर आले, तो बंद करून वाकले आणि बंद पडद्याच्या काळ्या काचेत बघितलं. गुलाबी भिंत, सुनयनाची पिवळी ओढणी, त्यांचं स्वतःचं टक्कल. "च्यायला," ते हळूच म्हणाले.

पुढचे तीन दिवस ऑफिसात रंगकाम चाललं. भिंतीला करडा रंग दिला. खिडकीला काळं जाड कापड लागलं. वर एकच ट्यूब, ती दिवसभर चालू. "ऑफिस आहे का स्मशान?" असं टिपणीस येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होते, पण ब्रश त्यांच्याच हातात होता, आणि कापडाला शिवण घालून आणली ती त्यांच्या बायकोनं. सुनयना दोन करडे कुर्ते घेऊन आली. आई म्हणाली, अगं कुणी मेलं का?

मुख्य काम पुढं होतं. हिरामणनी एक युक्ती सांगितली होती, आणि ती ऐकून सुनयनाला आधी हसू आलं होतं. "हा बिघाडलेला तक्ता टाकू नको. हाच तुजा गुरू. ह्याचाच फोटो काचंवर उघड, तक्ता बाजूला धर, आनि काचंची बटना फिरव. फोटो नाय, काच. काचंवरचा फोटो तक्त्याएवढाच खराब दिसला पायजे. मंग ती काच खरी बोलाय लागली समज."

शिवाय त्यांनी तिच्याकडून एक पट्टी बनवून घेतली. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत दहा चौकटी, नुसत्या काळ्या शाईच्या. दुसऱ्याच कुठल्या तरी कामाच्या कागदाला कडेला जागा उरली होती, तिथं त्यांनी ती छापली आणि कापून पाठवून दिली. सुनयनाने ती मॉनिटरला चिकटवली आणि पडद्यावर तीच पट्टी उघडली. कागदावरच्या चौकटी करड्या होत्या. पडद्यावरच्या निळ्या. तीन वर्षं ती ज्याला करडा समजत होती तो निळा होता! म्हणजे प्रत्येक फोटो तिला निळसर दिसायचा, म्हणून ती त्यात पिवळा आणि तांबडा घालत बसायची. तुर्भ्याला तो तांबडाच पोचायचा.

मॉनिटरच्या मेन्यूत, पांढरा किती निळसर दाखवायचा ते ठरवणारा ९३०० असा आकडा होता. तो तिनं कधी बघितलाही नव्हता. तिनं आकडा खाली आणला, ६५००. पडदा एकदम चहा सांडल्यासारखा पिवळा वाटला. तिनं घाबरून परत वर नेला, पुन्हा खाली आणला आणि या वेळी दहा मिनिटं तशीच बसून राहिली. पिवळेपणा हळूहळू निघून गेला. पट्टीकडं बघितलं, पडद्याकडं बघितलं. दोन्ही करडे.

मग उजेड. थोडा कमी, आणखी थोडा कमी. अशी ती एक सबंध दिवस एका हातात तक्ता धरून बसली होती. सकाळी मॉनिटर लावल्या लावल्या रंग वेगळे असतात, अर्ध्या तासानं स्थिर होतात, हेही तिला तेव्हाच कळलं, म्हणून रोज आल्या आल्या आधी मॉनिटर चालू आणि मग झाडलोट असा तिनं नियम केला. संध्याकाळी सहाला पान सातचा फोटो पडद्यावर तक्त्याइतकाच काळा, तांबडा आणि वाईट दिसायला लागला. सुनयना खुर्चीत मागं रेलून हसायलाच लागली.

"काय झालं?" टिपणीस.

"सर, घाणेरडं दिसतंय! अगदी तसंच घाणेरडं!"

तिनं बटणांवर पांढरी चिकटपट्टी लावली आणि वर तारीख लिहिली. दोनदा सवयीनं बोट तिथं गेलं, चिकटपट्टीला लागलं आणि परत आलं.

मग तिनं बाराही फोटो मुळापासून पुन्हा केले. आजवर तिनं डाग काढले होते. आता डाग राखायचे होते. ती चट्ट्यांच्या कडा बघायला शिकली. चट्टा कसा फिकट असतो पण कोडासारखा पांढराफेक नसतो, त्यावरची कातडी जरा कोरडी कशी दिसते, तिथली लव कशी विरळ असते, हे तिला दिसायला लागलं. शंका आली की ती डॉक्टरबाईंना फोन करायची. "मॅडम, पान नऊवरच्या चट्ट्याची कड अशी ठळकच आहे का?" डॉक्टरबाई कामात असल्या तरी उत्तर द्यायच्या. एकदा म्हणाल्या, "तुम्ही आता माझ्या नव्या सेविकांपेक्षा बरं बघताय."

छपाईचा दिवस ठरला. डॉक्टरबाई चार वाजता प्रेसवर येऊन पहिला कागद मंजूर करणार होत्या. सुनयना दोनलाच पोचली. आत उकडत होतं, पत्र्याची शेड तापली होती. हिरामणनी सदरा खुंटीला लावला आणि गंजीवर मशीन सुरू केलं. पहिले शंभर कागद वाया गेले, ते जाणारच होते. मग त्यांनी एक कागद ओढून ट्यूबखाली पसरला आणि बाजूला सरकले.

चट्टा होता. पान सातवर, उजव्या खांद्याखाली, तळहाताएवढा. आजूबाजूची कातडी माणसाच्या कातडीसारखी, आणि चट्टा तिच्यात बुडालेला नव्हता, उगाच चमकतही नव्हता. सुनयनाच्या पडद्यावर तो जसा होता तस्साच. तिला पाया पडावंसं वाटलं, पण हिरामण लगेच शाईच्या डब्याकडं वळले होते.

"बरा आला," पाठमोरेच ते म्हणाले. "निला जरा वाढवू."

ते शाईच्या रुळाशी वाकले. गंजी सैल होती, बाजूला सरकली. डाव्या फऱ्याच्या, खांद्यामागच्या हाडाच्या खाली, गंजीच्या कडेला, सुनयनाला ते दिसलं.

मोठ्या बटाट्याच्या कापाएवढं. फिकट. कोरडं. कड स्पष्ट.

तिला वाटलं, शिबं असतील. घामानं होतात. मग वाटलं, आपल्याच डोळ्यांत तीन आठवडे हेच भरलंय, म्हणून दिसतंय. तिनं मान फिरवली, भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं, पुन्हा वळून बघितलं. ते तिथंच होतं. आणि तिनं बारा फोटोंच्या बारा कडा इतक्या वेळा बघितल्या होत्या की शिबं नाहीत हे तिला माहीत होतं.

मशीन थांबवून हिरामण चहाला बसले, तेव्हा ती पान सातचा कागद घेऊन त्यांच्यापुढं उभी राहिली.

"काका, रागावू नका. तुमच्या पाठीवर असंच आहे."

त्यांना आधी कळलंच नाही. मग त्यांनी कप खाली ठेवला. "तुज्या डोल्यात रोज त्याच भरलाय. तुला सगलीकडं त्याच दिसल."

"मलाही तसंच वाटलं. म्हणून तीनदा बघितलं."

"शिबा असतील."

"असतील. मॅडम येतायत चार वाजता. त्यांना दाखवा फक्त."

हिरामण कागदाकडं बघत राहिले. आपली पाठ कुणाला दिसते? जन्मभर रंग पारखणारा तो माणूस, पण ती जागा त्याला आरसा घेऊनही दिसली नसती. "राजाबाय म्हनत होती," ते अखेर हळू आवाजात बोलले. राजाबाई त्यांची बायको. "म्हनली, आंग चोलताना ह्या जागी तुमाना काय लागत नाय वाटतं. मी म्हनलो, जाड कातडी हाय."

डॉक्टरबाई आल्या. सुनयना काही सांगायच्या आधीच हिरामण उठले आणि त्यांच्यासमोर जाऊन म्हणाले, "बाई, आधी मना तपासा, कागद मंग."

कागदाच्या गोदामात रिमांच्या थप्प्यांमध्ये डॉक्टरबाईंनी त्यांना स्टुलावर बसवलं. सुनयना बाहेर जायला निघाली, तर हिरामण म्हणाले, "तू थांब. तूच बघितलास ना."

"डोळे मिटा," डॉक्टरबाईंनी पिशवीतून कापसाची बारीक वात काढली. "स्पर्श कळला की 'हां' म्हणायचं."

मानेवर कापूस टेकला. "हां." कमरेशी. "हां." उजव्या फऱ्यावर. "हां." मग डॉक्टरबाईंनी डाव्या फऱ्याखाली कापूस टेकवला. थांबल्या. पुन्हा टेकवला. पुन्हा. हिरामण डोळे मिटून शांत बसले होते. सुनयनाने चार मोजले, पाच मोजले.

"चालू करा ना, बाई," हिरामण म्हणाले. "का कापूस संपला?"

सुनयनाने तोंडावर हात ठेवला. डॉक्टरबाई हिरामणच्या समोर येऊन खाली बसल्या. "संपला नाही, हिरामणभाऊ. मी पाचदा लावला."

त्यांनी डोळे उघडले. बाईंच्या चेहऱ्याकडं बघून त्यांना सगळं कळलं. ते म्हणाले, "माज्या घरात दोन नातवंडा हायत. मांडीवर घेऊन जेवतो मी."

"घ्या की. घ्यायचं सोडू नका." डॉक्टरबाईंनी त्यांचा हात हातात घेतला, आणि तो बराच वेळ सोडला नाही. "एकच चट्टा आहे. हा प्रकार सहसा दुसऱ्याला लागतही नाही. घरातल्या सगळ्यांना मी एकदा तपासून घेईन, माझ्या मनाच्या समाधानासाठी. तुम्हाला सहा महिने गोळ्या. संपलं."

"आनि हात? बोटा?"

बाईंनी त्यांची कोपराजवळची नस चाचपली. मग एक कागदाचा तुकडा त्यांच्या दोन बोटांमध्ये ठेवला. "दाबून धरा. मी ओढते." त्यांनी ओढला. निघाला नाही. जोर लावून ओढला. कागद मधोमध फाटला, अर्धा हिरामणच्या बोटांतच राहिला.

"कागद सोडला तर मशीनमन कसला," हिरामण म्हणाले. पण तो तुकडा त्यांनी मुठीत घट्ट धरला होता.

"बोटं शाबूत आहेत. अगदी वेळेवर सापडलंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. मग सुनयनाकडं वळून, "मी सहा महिने या तक्त्याच्या मागं लागलेय, आणि पहिला पेशंट तो छापणाराच निघावा!"

"कुनाला सांगायचा?" हिरामणनी विचारलं.

"तुम्हाला वाटेल त्याला. नाही वाटलं तर कुणालाच नाही."

तिघंही बाहेर आले. डॉक्टरबाईंनी ट्यूबखाली बारा पानं शांतपणे बघितली आणि पहिल्या कागदावर सही केली. हिरामणनी सदरा घातला, पुन्हा काढला, आणि मशीन सुरू केलं. दोन हजार प्रती त्या संध्याकाळी त्यांनीच छापल्या.

त्या दिवशी बसमध्ये बसल्यावर सुनयनाला रडू आलं. ते दुःखाचं नव्हतं. हा माणूस आपल्या सुट्टीचा एक शुक्रवार घेऊन तिच्या मागं पाच तास बसला नसता, तर तिला काहीच दिसलं नसतं. कागदावरही नाही आणि त्याच्या पाठीवरही नाही.

गोळ्या सुरू झाल्या. महिन्याची पहिली मोठी मात्रा डॉक्टरबाईंसमोर घ्यायची असे, तिच्यामुळं त्या दिवशी लघवी लाल होते. बाईंनी आधी सांगून ठेवलं होतं, तरी पहिल्या खेपेला हिरामणनी प्रेसवरून 'रंगरेखा'त फोन केला. "पोरी, मॅजेंटा जास्ती झाला बघ आज." सुनयनाला आधी कळेना. मग ही लाल शाई कुठली ते कळलं, आणि टिपणीस समोर असल्यामुळं तिला हसू दाबताना ठसका लागला.

डिसेंबरात एके दिवशी दुपारी राजाबाई आल्या. हिरवं लुगडं आडवं नेसलेल्या, हातात केळीच्या पानात गुंडाळलेला भलामोठा जिताडा मासा, इतका ताजा की ऑफिसभर खाडीचा वास सुटला. नेमकं त्याच वेळी एक गिऱ्हाईक मुलीच्या लग्नाची पत्रिका ठरवायला बसलं होतं. राजाबाईंना कुणाचीच पर्वा नव्हती. त्या सरळ सुनयनापाशी आल्या, तिच्या गालांवरून हात फिरवला आणि कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

"तुज्या डोल्यांना उदंड आयुष्य मिलू दे गो माजे बाय," त्या म्हणाल्या. "पोरा तपासली. सगली बरी हायत."

सुनयना उठून उभी राहिली. "काकांनी शिकवलं मला," एवढंच म्हणाली. "मला काही येत नव्हतं."

"तो सांगत नाय तसा. तो म्हनतो, पोरीनंच मना शिकवला." आणि जिताडा टेबलावर ठेवून त्या निघून गेल्या. टिपणीसांनी गिऱ्हाइकाची माफी मागितली आणि मग विचारलं, "हे काय होतं?" सुनयना म्हणाली, "काकांच्या घरचे प्रेमळ आहेत." टिपणीसांनी पुढं काही विचारलं नाही, पण संध्याकाळी अर्धा जिताडा घरी नेला.

तक्ते पाड्यांवर फिरत होते. फेब्रुवारीत डॉक्टरबाईंनी कळवलं की तीन महिन्यांत एकोणीस नवे पेशंट सापडले, त्यांतले चौदा अगदी सुरुवातीचे. उरणकडच्या एका गावात एका म्हातारीनं पान सातवर बोट ठेवलं आणि कुणाशी काही न बोलता मुलाला ओढत आणलं. सुनयनाने ते पत्र दोनदा वाचलं, आणि घरी वडिलांना वाचून दाखवलं. दिवसभर पोती वाहून दमलेले तिचे वडील भिंतीला टेकून ऐकत होते. "म्हणजे तू असलं काम करतीस व्हय," ते म्हणाले. तोवर त्यांना वाटत होतं, पोरगी पत्रिका छापते.

'रंगरेखा'त आता रंगाची कामं दुसरीकडून येऊ लागली होती. टिपणीसांनी दुसऱ्या मॉनिटरलाही पट्टी चिकटवून घेतली. दर शुक्रवारी नाही, पण महिन्यातून एखाद्या शुक्रवारी हिरामण येत, काही न बोलता मागं बसत, चहा पीत आणि जात.

एप्रिलच्या शेवटी त्यांच्या गोळ्या संपल्या. डॉक्टरबाईंनी कागदावर 'बरे' असं लिहून दिलं. चट्टा पुसट झाला होता, पूर्ण गेला नव्हता. "तिथला स्पर्श परत येईलच असं मी सांगत नाही," बाई म्हणाल्या होत्या. "कधी येतो, कधी नाही. रोग मात्र गेला."

मे महिन्यातल्या एका सकाळी सुनयना मॉनिटर लावून टेबल पुसत होती, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडं मशीनचा खडखडाट होता आणि त्यावर हिरामणचा चढा आवाज.

"पोरी! मुंगी चावली!"

"काय?"

"मुंगी! कागदाच्या रिमातली लाल मुंगी. पाठीला, डाव्या फऱ्याखाली. कलला मना! चावली ती कलली!"

सुनयना फडकं हातात धरून तशीच उभी राहिली. "लई आग होतेय काय, काका?"

"लई!" ते ओरडले. "लई आग होतेय गो!"

दोघंही हसत होते, आणि मशीनच्या आवाजात कोण काय बोलतंय ते दोघांनाही धड ऐकू येत नव्हतं. तिनं रिसीव्हर ठेवला तेव्हा तिचे डोळे पाण्यानं भरले होते.

टिपणीस दारातून आत येत होते. "कोण होतं सकाळी सकाळी?"

"हिरामणकाका. त्यांना मुंगी चावली."

"मग त्यात इतकं हसण्यासारखं काय आहे?"

"काही नाही, सर," सुनयना म्हणाली, आणि ओढणीनं डोळे पुसून काच पुसायला लागली.